वायूच्या तबकडीत कृष्णविवरांची जोडी: वहीवर आणि लॅपटॉपवर करून पाहायची रीत

दीर्घिकेच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर, त्याच्याभोवती वायूची तबकडी, आणि त्या तबकडीत रुतलेली तारकीय वस्तुमानाची छोटी कृष्णविवरं. ती जवळ येतात, जोडी जमते, विलीन होतात. व्हिडिओंमधून एवढंच सांगतात आणि पुढे सरकतात. आकडे मांडायला घेतले की कळतं, यातला एक टप्पा फार सोपा आहे, एक अवघड आहे आणि एक अजून वादात आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना सुट्टीतला प्रकल्प म्हणून हे सहज जमेल. लागतं ते एवढंच: घनमूळ काढणारा कॅल्क्युलेटर, वही, आणि पायथन चालेल असा कुठलाही लॅपटॉप. चार जीबी रॅम पुष्कळ झाली. मे महिन्यात मात्र लांब रन रात्री लावा. ४४-४५ अंशांत लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो, आणि दोष आपण प्रोग्रॅमला देत बसतो. वीज जाते हे धरून दर दहा रननंतर निकाल फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय आधीच करा.

आधी माप ठरवा

सूर्याएवढ्या वस्तुमानाची गुरुत्व त्रिज्या (गुरुत्व स्थिरांक × वस्तुमान ÷ प्रकाशवेगाचा वर्ग) १.४७७ किलोमीटर. केंद्रातलं कृष्णविवर १० कोटी सूर्यवस्तुमानांचं घेतलं की ही त्रिज्या १४.७७ कोटी किलोमीटर होते, म्हणजे ०.९८७ खगोलीय एकक. पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळपास तेवढीच! म्हणून सुरुवातीला हेच वस्तुमान घ्या, सगळी अंतरं डोळ्यांसमोर राहतात.

छोटी कृष्णविवरं प्रत्येकी ३० सूर्यवस्तुमानांची घ्या आणि त्यांना केंद्रापासून १,००० गुरुत्व त्रिज्यांवर ठेवा. अंतर झालं ९८७ खगोलीय एकक. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने अंतराचा घन भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ: ३.१ वर्षांत एक फेरी. वेग म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले वर्गमूळ १,०००, सेकंदाला ९,४८० किलोमीटर.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा, हिल त्रिज्या. जोडीचं एकमेकांवरचं गुरुत्व केंद्रातल्या राक्षसाच्या ओढाताणीला कुठपर्यंत पुरून उरतं, ते ही त्रिज्या सांगते.

हिल त्रिज्या = केंद्रापासूनचं अंतर × घनमूळ [जोडीचं वस्तुमान ÷ (३ × केंद्राचं वस्तुमान)]

६० ला ३० कोटींनी भागा, घनमूळ काढा: ०.००५८५. गुणिले ९८७, उत्तर ५.७७ खगोलीय एकक. इथे हमखास चूक होते ती ३ विसरण्याची. मग उत्तर ८.३ येतं आणि पुढचं सगळं बिघडतं. पडताळा म्हणून केंद्राचं वस्तुमान १ कोटी करून त्याच १,००० गुरुत्व त्रिज्यांवर गणित पुन्हा करा. १.२४ खगोलीय एकक यायला हवं.

भेट कशी होते

तिरप्या कक्षेतलं कृष्णविवर दर फेरीत तबकडीला दोनदा छेदतं, दर वेळी थोडा वेग गमावतं आणि हळूहळू तबकडीच्या प्रतलात बसतं. मग वायूच्या ओढीने ते आत किंवा बाहेर सरकू लागतं. जड ते जास्त वेगाने सरकतं, म्हणून दोघांतलं अंतर बदलत राहतं. काही ठिकाणी आतली आणि बाहेरची ओढ एकमेकींना छेद देते आणि तिथे गर्दी जमते, असं काही प्रारूपं सांगतात. नेमकी जागा प्रारूपागणिक बदलते, म्हणून आपल्या गणितात ती गृहीत धरू नका.

भेटीचं गणित मात्र पक्कं आहे. भुसावळच्या यार्डात शेजारच्या रुळांवर एकाच दिशेने दोन गाड्या जाव्यात, आतली किंचित जास्त वेगाने, तसं हे आहे: एकमेकांकडे पाहिलं तर समोरची गाडी हळूहळू मागे पडताना दिसते. दोन कक्षांतलं अंतर २.१ हिल त्रिज्या, म्हणजे सुमारे १२ खगोलीय एकक, असेल तर दोघं एकमेकांशेजारी येण्याचा काळ म्हणजे फेरीचा काळ × (२ ÷ ३) × (९८७ ÷ १२), सुमारे १७० वर्षं. माणसाच्या हिशेबाने लांबचा, तबकडीच्या हिशेबाने क्षणभराचा. अशा तबकड्यांचं आयुष्य साधारण १० लाख ते १० कोटी वर्षं मानतात. भेटी भरपूर होतात. अडचण आहे ती भेटीनंतर एकत्र राहण्याची.

लॅपटॉपवर भेट घडवा

हा प्रकल्पाचा गाभा आहे, इथे वेळ द्या. तीन वस्तूंचं पूर्ण गणित करायची गरज नाही. जोडीबरोबर फिरणाऱ्या चौकटीत बसायचं आणि एकाचं दुसऱ्यापासूनचं स्थान मोजायचं: क्ष केंद्रापासून बाहेरच्या दिशेने, य कक्षेच्या दिशेने, अ दोघांतलं अंतर. लांबीचं एकक हिल त्रिज्या. वेळेचं एकक फेरीचा काळ भागिले (२ × π), आपल्या आकड्यांत जवळपास अर्धं वर्ष. मग समीकरणं अशी:

क्ष-त्वरण = २ × य-वेग + ३ × क्ष − ३ × क्ष ÷ (अ चा घन)
य-त्वरण = − २ × क्ष-वेग − ३ × य ÷ (अ चा घन)

सुरुवात: क्ष = ब, य = ३०, क्ष-वेग शून्य, य-वेग = −१.५ × ब. ब म्हणजे दोन कक्षांतलं सुरुवातीचं अंतर. य ५ वरून सुरू करायचा मोह होतो, वेळ वाचतो म्हणून. तसं केलं तर गुरुत्वाची ओढ एकदम लागते, कक्षेत बनावट उत्केंद्रता (लांबुळकेपणा) शिरते आणि निकाल ब वर अवलंबून न राहता तुमच्या घाईवर अवलंबून राहतात.

सोडवायला सायपाय या पायथनच्या गणिती संचातलं 'सॉल्व्ह-आयव्हीपी' घ्या, पद्धत 'डॉप-८५३', सापेक्ष सहनमर्यादा १० चा उणे १० वा घात, निरपेक्ष त्याहून दोन घात कमी. ठरावीक पावलांची रुंगे-कुट्टा पद्धत वर्गात शिकवतात, पण इथे ती घात करते. दोघं अगदी जवळून गेली की एका पावलात ऊर्जा उडी मारते, आणि ती जोडी जमल्यासारखी दिसते.

ही फसवणूक पकडायचं साधन म्हणजे याकोबी ऊर्जा:

ऊर्जा = अर्धा × वेगाचा वर्ग − १.५ × (क्ष चा वर्ग) − ३ ÷ अ

वायू नसताना ही रनभर बदलता कामा नये. आठव्या दशांशस्थळाच्या अलीकडे बदलली तर रन फेकून द्या. आणि हाच आकडा जोडी जमली का हेही सांगतो: हिल त्रिज्येच्या आत असताना ऊर्जा −४.५ च्या खाली गेली की दार बंद, बाहेर पडायला वाट उरत नाही. लांबवर ऊर्जा −०.३७५ × (ब चा वर्ग) असते. ब २.२ असेल तर −१.८. म्हणजे मुक्कामात सुमारे २.७ एकक ऊर्जा कुणीतरी काढून घ्यायला हवी. वायू हवा तो यासाठी.

पहिली फेरी वायूशिवाय करा. ब १.५ ते ३ पर्यंत २०० भागांत. ब कमी असेल तर समोरचं जवळ येऊन घोड्याच्या नालेसारखं वळून परत जातं, २.५ च्या पुढे नुसतं बाजूने निघून जातं. साधारण १.८ ते २.५ च्या पट्ट्यात ती हिल त्रिज्येत शिरतात, एकमेकांभोवती एक-दोन, कधी चार-पाच गिरक्या घेतात आणि पुन्हा सुटतात. पट्ट्याच्या आत बारकाईने पाहा: ब तिसऱ्या दशांशस्थळाला बदलला तरी गिरक्यांची संख्या बदलते. प्रोग्रॅम बिघडला असं वाटेल. तसं नाही, हा प्रश्नच गोंधळी स्वभावाचा आहे. म्हणून एका रनवरून निष्कर्ष काढू नका, पट्टाभर सरासरी घ्या.

रन कुठे थांबवायची ते आधी लिहा: य ३५ च्या पलीकडे गेला (वर किंवा खाली) तर सुटली, ऊर्जा −४.५ खाली आणि अ १ पेक्षा कमी तर जमली. वेळ ३०० एककं झाली तर संशयित, वेगळ्या यादीत. आणि अ ०.००००१५ पेक्षा कमी झाला तर गुरुत्वीय लहरींनीच (अवकाशकाळातले तरंग, जे जोडीची ऊर्जा घेऊन जातात) जमली. हा शेवटचा आकडा हवेतला नाही. सेकंदाला ५५ किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने येणारी आपली ३० अधिक ३० ची जोडी एकमेकांपासून साधारण १३,००० किलोमीटरवरून गेली, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाएवढ्या अंतरावरून, तर त्या एका वळणातच लहरींच्या रूपाने ही २.७ एकक ऊर्जा निघून जाते. वायूची गरजच नाही. अर्थात असा नेम क्वचितच लागतो.

दुसऱ्या फेरीत वायू घाला. सर्वांत साधी रीत: वायूचा स्वतःचा वेग क्ष-दिशेला शून्य, य-दिशेला −१.५ × क्ष. कृष्णविवराचा वेग उणे वायूचा वेग, भागिले ट. हे दोन्ही त्वरणांतून वजा करा. ट हा मंदावण्याचा काळ. १००, ३०, १० असे आकडे घेऊन पट्टाभर रन लावा आणि किती टक्के जोड्या जमतात याचा आलेख काढा. ट कमी केला की जमण्याचं प्रमाण वाढतं, आणि ते का, हे मघाच्या २.७ वरून दिसतं: मुक्काम तेवढाच, वसुली जास्त.

जमलेल्या प्रत्येक जोडीची फिरण्याची दिशा नोंदवा. क्ष × य-वेग − य × क्ष-वेग + (अ चा वर्ग) हे धन आलं तर जोडी तबकडीच्याच दिशेने फिरते, ऋण आलं तर उलटी. शेवटचं पद चौकट स्वतः फिरते म्हणून लागतं. बहुतेक जण ते विसरतात. सुलट जोडी साधारण अर्ध्या हिल त्रिज्येच्या आतच टिकते, उलटी जवळजवळ पूर्ण त्रिज्येपर्यंत तग धरते.

आता इशारा. या साध्या प्रारूपात जमलेली जोडी पुढे आकसतच जाते, पण ते आपण घातलेल्या ओढीमुळे. निकाल आपणच आधी टाकून ठेवलेला असतो! प्रत्यक्षात हिल त्रिज्येच्या आत वायू असा सरळ वाहत नाही. प्रत्येक कृष्णविवराभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडी बनते, आणि सुलट जोडीला ती काही प्रारूपांत आकसवते, काहींत चक्क फाकवते. वायू किती तापलेला आहे, किती जाड थरात आहे, यावर दिशा ठरते. उलट्या जोड्या आकसतात याबाबत मतभेद कमी आहेत. म्हणून जोडी जमल्याक्षणी हे प्रारूप बंद करा. त्याच्या जोरावर विलीनीकरणाचा काळ सांगणारा प्रकल्प-अहवाल परीक्षकाने परत पाठवला तर तक्रार करायला जागा नाही.

आकसण्याचा हिशेब

हा पुन्हा वहीवरचा. वर्तुळाकार कक्षेतली जोडी निव्वळ गुरुत्वीय लहरींनी विलीन व्हायला किती काळ घेईल, हे पीटर्स यांच्या १९६४ च्या सूत्राने मिळतं:

वर्षं = ३.२१ × (१० चा १७ वा घात) × (अंतराचा चौथा घात) ÷ (पहिलं × दुसरं × दोघांची बेरीज)

अंतर खगोलीय एककांत, वस्तुमान सूर्याच्या पटीत. आपल्यासाठी भाजक ३० × ३० × ६० = ५४,०००. अंतर १ असेल तर उत्तर सुमारे ६ लाख कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी. ०.२२ वर आणलं तर काळ बरोबर विश्वाच्या वयाएवढा. ०.०३६ वर, म्हणजे ५४ लाख किलोमीटरवर, एक कोटी वर्षं. ०.०१ वर जेमतेम ६० हजार.

चौथ्या घाताचा हा हिसका नीट पाहा. जोडी जमते तेव्हा अंतर २ खगोलीय एककांच्या आसपास असतं, आणि तबकडीच्या आयुष्यात विलीन व्हायचं तर ते ०.०३६ पर्यंत यायला हवं. पंचावन्न पट आकसणं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी करून द्यायचं. वायूचं खरं काम हे मधलं. शेवटचा टप्पा लहरी फुकटात करून देतात.

समजा वायू दर १ लाख वर्षांत अंतर २.७१८ ने भागतो. मग लहरी कुठे ताबा घेतात? पीटर्सच्या काळाची चौपट १ लाखाएवढी होते तिथे: ०.००८ खगोलीय एकक, १२ लाख किलोमीटर. २ पासून तिथपर्यंतचं नैसर्गिक लॉगरिदम ५.५, म्हणून एकूण काळ साधारण साडेपाच लाख वर्षं. इथला १ लाख हा गृहीत आकडा आहे हे अहवालात ठळक लिहा आणि १० हजार ते १ कोटी असा बदलून तक्ता करा. तक्त्यात दिसेल की एकूण काळ जवळपास पूर्णपणे वायूच्या या एका आकड्यावर लटकलेला आहे आणि लहरींचा वाटा नगण्य. याच आकड्याबद्दल तज्ज्ञ भांडतात.

एक आडवाट आहे. तिसरं कृष्णविवर येऊन धडकलं तर जोडी घट्ट होते आणि कक्षा लांबुळकी होते. उत्केंद्रता ०.९ झाली तर त्याच अंतरावर पीटर्सचा काळ सुमारे ३०० पट घटतो. तबकडी चपटी असल्याने अशा धडका जवळपास एकाच प्रतलात होतात, आणि त्यातून उत्केंद्र विलीनीकरणाची शक्यता गोलाकार तारकागुच्छांपेक्षा (ताऱ्यांचे हे दाट गोळे म्हणजे जोड्या जमण्याची दुसरी संभाव्य जागा) बरीच वाढते. वायूवरच्या वादात न अडकता पुढे जायला ही वाट आम्हाला जास्त भरवशाची वाटते.

शेवटचे सहा सेकंद आणि नंतर

लहरींची वारंवारिता १० हर्ट्झ होते तेव्हा आपली जोडी २,००० किलोमीटरवर असते. तेच सूत्र लावा: उरले ६ सेकंद. लायगोच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या, शोधयंत्रांना ऐकू येतो तो एवढाच भाग. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियालाही, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, हाच टप्पा दिसेल. लाखो वर्षांच्या वायूच्या खटपटीची खूण त्या सहा सेकंदांत शोधायची असते, म्हणून पुरावा अवघड.

विलीन झालेल्या कृष्णविवराला लहरींचा धक्का बसतो, तो सेकंदाला काही शे किलोमीटरचा, कधी हजाराच्या वर. गोलाकार तारकागुच्छातून ते सरळ बाहेर फेकलं जातं. इथे मात्र १,००० गुरुत्व त्रिज्यांवरून सुटायला सेकंदाला १३,४०० किलोमीटर वेग लागतो, म्हणून ते जागच्या जागी राहतं आणि पुन्हा जोडी जमवू शकतं. तबकडीची बाजू सर्वांत बळकट कुठे असेल तर या मुद्द्यावर. मोठा तारा कोसळून साधारण ६० ते १३० सूर्यवस्तुमानांची कृष्णविवरं थेट बनणं अवघड मानतात. तरीही २१ मे २०१९ ला टिपलेल्या जीडब्ल्यू-१९०५२१ या विलीनीकरणात सुमारे ८५ आणि ६६, आणि २३ नोव्हेंबर २०२३ च्या जीडब्ल्यू-२३११२३ मध्ये सुमारे १३७ आणि १०३ सूर्यवस्तुमानांची कृष्णविवरं निघाली. दुसऱ्या घटनेत दोघांची स्वतःभोवतीची गिरकीही फार वेगवान होती. आधीच्या विलीनीकरणातून जन्मलेली कृष्णविवरं अशीच असावीत. पण तारकागुच्छवालेही असाच दावा करतात.

अशी तबकडी असलेली दीर्घिका प्रत्यक्ष पाहायची तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तोरणमाळला सहा-आठ इंची दुर्बीण घेऊन जा आणि तिमिंगल तारकासमूहातल्या डेल्टा सेटी ताऱ्यापासून एका अंशाच्या आत एम-७७ शोधा. प्रत ८.९, खानदेशातून ती ६८ अंशांपर्यंत वर चढते. दिसेल तो धुरकट ठिपका आणि मधोमध उजळ बिंदू. तबकडी स्वतः धुळीच्या जाड कड्यामागे दडलेली आहे.

शेवटी वस्तुमानांची खबरदारी. शोधयंत्राला दिसतं ते वस्तुमान × (१ + ताम्रसृती). ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने लहरी किती ताणल्या गेल्या त्याचं माप. जीडब्ल्यू-१९०५२१ ची ताम्रसृती सुमारे ०.८२ धरली म्हणून १५५ चे ८५ झाले. याच घटनेनंतर महिनाभराने एका क्वेसारमध्ये (अशीच तबकडी असलेलं दूरचं, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्र) प्रकाशाचा भडका दिसला आणि तो तबकडीतल्या विलीनीकरणाचाच असावा असं २०२० मध्ये सुचवलं गेलं. त्या क्वेसारची ताम्रसृती ०.४३८ आहे. ती धरली तर तेच १५५ भागिले १.४३८, म्हणजे १०८ येतात. शिवाय विलीनीकरण केंद्रापासून २५ गुरुत्व त्रिज्यांवर झालं असेल तर कक्षेतला वेग प्रकाशाच्या पाचव्या हिश्श्याएवढा, आणि नुसत्या डॉप्लरनेच वस्तुमान २० टक्क्यांपर्यंत वर-खाली. १,००० त्रिज्यांवर हीच चूक ३ टक्के. प्रकल्पात वस्तुमानांचा तक्ता देणार असाल तर ताम्रसृती आणि केंद्रापासूनचं अंतर यांचे दोन रकाने त्याला जोडा.